पुणे–पैठण, मार्गे मढी

गाडी चालवायला मी ज्या वयात शिकलो, त्या वयात शहाणी माणसं डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून गाडी विकायला काढतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो हे तुम्हाला माहीत असेलच. माझं सगळं शिक्षण त्या ब्रेकवर झालं. पुढे माझ्याआधी दोन मालकांनी मन लावून वापरलेली एक गाडी आमच्या दारात आली, शिकवणाऱ्याच्या जागी बायको बसू लागली, पण तिच्या पायाशी ब्रेक नव्हता. ती तरीही तो दाबते. सिग्नल, कुत्रं, पुढच्या ट्रकचा लाल दिवा, काहीही दिसलं की तिचा उजवा पाय खाली जातो, तोंडातून 'स्स्स्' निघतं आणि मी दचकून माझा ब्रेक दाबतो. आमची गाडी थांबते ती अशी.

पैठण ही माझी सासुरवाडी. मुलांचे आजी-आजोबा तिथेच राहतात, जुन्या गावात, नाथांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी फाल्गुन वद्य षष्ठीला तिथे नाथषष्ठीची यात्रा भरते. संत एकनाथांनी १५९९ साली याच तिथीला गोदावरीत जलसमाधी घेतली, तेव्हापासूनची ही परंपरा, आणि पंढरपूरच्या वाऱ्या सोडल्या तर वारकऱ्यांची एवढी मोठी दाटी क्वचितच कुठे होत असेल. यंदा सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, या षष्ठीला मुलांना घेऊन याच," ते म्हणाले, आणि थोडं थांबून पुढे म्हणाले, "एसटीनं या."

त्या 'एसटीनं' शब्दातला काळजीचा सूर बायकोला ऐकू आला, मुलांना ऐकू आला, शेजारच्यांनासुद्धा आला असेल, कारण फोन स्पीकरवर होता. मला त्यात आव्हान ऐकू आलं.

निघण्याआधी घरात एक ठराव झाला. एकनाथांना शांतिब्रह्म म्हणतात, त्यांच्या गावी जाताना बाबांनी स्टिअरिंगवर बसून जे बोलायचं ते बोलायचं नाही. बोलले तर दर अपशब्दाला दहा रुपये दंड, आणि तो दंड नाथांच्या दानपेटीत. ठराव बायकोने मांडला, चिरंजीवांनी अनुमोदन दिलं आणि हिशेब ठेवायची जबाबदारी कन्येवर आली. ती सातवीत आहे. गणिताच्या वहीचं शेवटचं पान फाडून तिने त्यावर रकाने आखले तेव्हा मी हसलो होतो. रकाने फार आहेत, एवढे लागायचे नाहीत, असंही काहीतरी बोललो.

पहाटे पाचला निघायचं म्हणून आम्ही आठला निघालो. उशिराचं कारण बरणी. आमच्या आईने विहीणबाईंसाठी उपवासाचं लिंबाचं लोणचं दिलं होतं, चिनी मातीच्या बरणीत, वर दादरा बांधून, तो दादरा सुतळीने आवळून आणि त्यावर तिचा आशीर्वाद ठेवून. ही बरणी उभी राहिली पाहिजे, अशी अट होती. डिकीत आधी बॅगा, मग सतरंजी, मग बरणी, अशी माझी योजना होती. मग बरणी, मग सतरंजी, मग बॅगा अशी बायकोची. आणि शेवटी बॅगा मांडीवर, सतरंजी पायाखाली आणि डिकीत एकटी बरणी अशी परिस्थिती झाली. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी साक्षात विठ्ठलाची मूर्ती विजयनगरहून पंढरपूरला सुखरूप परत आणली, अशी परंपरा सांगते. ना रस्ता, ना डिकी. मला पुण्याहून एक बरणी न्यायची होती. वाघोली ओलांडेपर्यंत गाडीत लिंबाचा वास सुटला.

वाघोलीबद्दल मी काही लिहीत नाही. तिथे कन्येचा पहिला रकाना भरला.

रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडले, म्हणजे मी स्टिअरिंग सोडून जोडले आणि बायकोने ते परत स्टिअरिंगवर ठेवले. शिरूरला घोडनदी ओलांडली, सुपे गेलं, आणि नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, येईपर्यंत माझा आत्मविश्वास इतका वाढला की शहरात न शिरता बायपासने जाऊ, असं मीच सुचवलं. फोनमधली बाई उजवीकडे वळा म्हणाली की डावीकडे, यावर आमच्यात अजून एकमत नाही. ती एक बोलली, बायको दुसरं बोलली, दोघी एकाच वेळी बोलल्या, आणि मी एकाच वेळी दोघींचं ऐकण्याची सवय असल्यामुळे तिसरीकडेच वळलो. रस्ता मात्र सुरेख होता. मोकळा, रुंद, दोन्ही बाजूंना शेतं. मी गुणगुणायला लागलो. मिरजगावची पाटी आली तेव्हाही मी गुणगुणतच होतो, कारण मिरजगाव हे नाव कानाला छान वाटतं.

"अहो," बायको म्हणाली, "मिरजगाव सोलापूरच्या रस्त्यावर आहे."

"असेल की," मी म्हणालो. "रस्त्याला काय, कुठेतरी जायचंच असतं."

परत फिरलो. दुसरा, तिसरा आणि चौथा रकाना त्या वळणावर भरले, कारण मागून एक कंटेनर येत होता आणि त्याच्या ड्रायव्हरला माझ्याबद्दल जे वाटलं ते त्याने सांगितलं, मग मला जे वाटलं ते मी सांगितलं. त्याचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न मी विचारला. कन्या म्हणाली, तो आपल्या कुटुंबात नाही.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की करंजीचा घाट लागतो. घाट म्हणून तो काही मोठा नाही, तुम्ही हसाल. पण घाटात फोनची रेंज गेली, बाई बोलायची थांबली, आणि आयुष्यात प्रथमच मला जाणवलं की आता फक्त माझ्याच अकलेने जायचं आहे. बायकोलाही तेच जाणवलं असावं. तिने पर्समधून जपमाळ काढली.

घाट उतरलो तर पुढे ऊस. फाल्गुन म्हणजे कारखान्यांचा हंगाम सरत आलेला, पण शेवटचा ऊस बाहेर पडत असतो आणि तो सगळा माझ्या पुढे चालला होता. एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली मोळ्यांची टोकं, आणि ट्रॅक्टरवर अशा आवाजात गाणं लावलेलं की ड्रायव्हरला जगात मागे कुणी आहे ही कल्पनाही शिवू नये. मागच्या ट्रॉलीला दिवे नव्हते. त्या जागी एक लाल चिंधी होती आणि तीही मळून उसाच्या रंगाची झाली होती. मी ओव्हरटेकसाठी बाहेर यायचो, समोरून एसटी दिसायची, बायकोचा पाय खाली जायचा, मी आत यायचो. मग परत बाहेर, परत एसटी. दर खेपेला एसटीतले प्रवासी खिडकीतून आमच्याकडे बघायचे. सासऱ्यांचे शब्द त्या प्रत्येक एसटीच्या टपावर बसून चालले होते.

शेवटी ट्रॅक्टरवाल्याला माझी दया आली. त्याने हात बाहेर काढून हलवला. मीही हात बाहेर काढून हलवला. त्याने परत हलवला. माणूस मनमिळाऊ दिसतोय, असं मी म्हणालो. तो 'पुढे जा' म्हणून सांगतोय, हे चिरंजीवांनी समजावेपर्यंत समोरून पुढची एसटी आली होती.

तिसगावला मी गाडी थांबवली, आणि आता नीट विचारूनच जायचं असं ठरवून पारावर बसलेल्या एका आजोबांना हाक मारली. माझ्या मते मी अत्यंत नेमका प्रश्न विचारला. "आजोबा, नाथांच्या यात्रेला कसं जायचं?"

"नाथांच्या?" आजोबांचा चेहरा उजळला. "असंच नीट जा, पुढं वळा, अन् मंग इचारूच नका. समदी तिकडंच चाललीत."

खरंच सगळे तिकडेच चालले होते. टेम्पो, जीपा, बैलगाड्या, खांद्यावर काठ्या घेतलेली माणसं, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं आणि गर्दीच्या मागे लागलो. काही वेळाने टेकडीवर तटबंदीतलं एक मोठं देऊळ दिसायला लागलं. पैठणला टेकडी कधीपासून झाली, असं बायको पुटपुटली. धरणाचा गाळ टाकला असेल, मी म्हणालो.

महाराष्ट्रात नाथ एकच नाहीत, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला गाडी गाढवांच्या मधोमध बंद पडावी लागली. तिसगावपासून जवळच मढी आहे. तिथे नवनाथांपैकी कानिफनाथांची समाधी आहे. भटक्यांची पंढरी म्हणतात त्या गावाला. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे यात्रा असते आणि रंगपंचमीच्या सुमारास भरतो गाढवांचा बाजार. आणि षष्ठीच्या आदला दिवस म्हणजे पंचमी. सगळं पंचांगात छापलेलं होतं. आमच्या घरी पंचांग फक्त लग्नाच्या तारखा नाकारण्यासाठी उघडतात.

तर समोर गाढवं, मागे गाढवं, उजवीकडे गाढवं. पांढुरकी, राखी, चॉकलेटी, काहींच्या अंगावर गुलाबी रंगाचे पट्टे, काहींच्या पाठीवर मालकाची खूण. इंजिन गरम झालेलं, काच खाली केलेली, आणि त्या उघड्या खिडकीतून एका गाढवाने शांतपणे मान आत घातली. त्याच्या पापण्या फार लांब होत्या, हे मला आठवतं, कारण त्या माझ्या चष्म्याला लागत होत्या.

"गाढव!" मी ओरडलो.

कन्येने पेन उघडलं. तिने रकाना भरलासुद्धा. पण आमच्या बायकोची न्यायबुद्धी जागी असते; ती मागे वळून म्हणाली, "ते खोड. ते खरंच गाढव आहे."

तेवढ्यात फेटा बांधलेला एक व्यापारी पुढे आला. त्याने गाढवाची मान बाजूला केली आणि तिथे स्वतःची घातली. माझ्याकडे, मग शेजारच्या गाढवाकडे, मग परत माझ्याकडे पाहत त्याने विचारलं, "गावरान का काठेवाडी?"

"मी पुण्याचा," मी म्हणालो.

तो काही न बोलता निघून गेला. काठेवाडी म्हणजे गुजरातेतून येणारी, उंचीला जास्त, किमतीला जास्त, हे मला मागाहून कळलं. त्या बाजारात जनावराचं वय दात पाहून ठरवतात, हेही मागाहून कळलं. आणि मी त्या माणसाकडे बघून सगळे दात दाखवत हसलो होतो.

चिरंजीव तिसरीत आहेत आणि त्यांच्या पुस्तकात नुकतीच एकनाथांची गोष्ट झाली होती. काशीहून रामेश्वराला गंगेची कावड नेताना वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते सगळं पाणी त्याला पाजलं, ती. "बाबा," तो म्हणाला, "याला पण तहान लागली असेल." गाडीत पाणी उरलं नव्हतं. होतं ते माझं कोकम सरबत, थर्मासमधलं, थंडगार, मी नगरपासून पुरवून ठेवलेलं. शांतिब्रह्मांच्या गावी निघालेला माणूस यावर काय बोलणार? मुलाने ते सरबत प्लास्टिकच्या डब्यात ओतून खिडकीशी धरलं. गाढवाने हुंगलं, मान फिरवली आणि निघून गेलं. डबा माझ्या मांडीवर सांडला.

गाडी ढकलून बाजूला घ्यायला जी पोरं आली त्यांच्या हातात पिचकाऱ्या होत्या. त्यांनी मनापासून मदत केली, आणि मग तितक्याच मनापासून रंगपंचमी केली. माझ्या अंगात सासऱ्यांनीच अधिक महिन्यात दिलेला पांढरा सदरा होता. सासुरवाडीला जाताना घालायचा म्हणून राखून ठेवलेला. तो जांभळा झाला. मीही झालो. बायकोने, मुलांनी काचा वेळेवर वर केल्या होत्या, कारण त्यांच्या काचा चालतात. माझ्या बाजूची काच खाली जाते ती परत येण्याच्या बोलीवर नाही.

मढीची रेवडी घेतली, शेवगावच्या रस्त्याला लागलो, एका रसवंतीवर थांबलो. चरकाच्या चाकाला घुंगरं बांधलेली, बर्फ फडक्यात कुटलेला, आल्याचा तुकडा उसाच्या पेरांत दुमडून आत सारलेला. ग्लास हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं की हा तोच ऊस असणार. मी सूड म्हणून दोन ग्लास जास्त प्यालो. त्यानंतर शेवगाव ते पैठण मला दर थोड्या वेळाने गाडी थांबवावी लागली, त्याचा तपशील देत नाही.

गोदावरीच्या पुलावर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. पलीकडच्या तीरावर राहुट्या, पताका, टाळांचा आवाज. दिंड्या उतरलेल्या, चुली पेटलेल्या. गावात गाडी न्यायला बंदी होती. शिट्टी घेतलेल्या एका पोराने मला नदीपात्राच्या बाजूला वळवलं, जिथे घट्ट मुरमावर गाड्या दाटीवाटीने लावल्या होत्या. पण थोडं पुढे, पाण्याच्या बाजूला, छान ऐसपैस मोकळी जागा मला दिसली. एवढ्या गर्दीत इतकी मोकळी जागा लोकांनी का सोडली असेल, हा प्रश्न मला पडला नाही. मला आनंद झाला.

बायको आणि मुलं हलक्या पिशव्या घेऊन पुढे गेली. मी बॅगा, सतरंजी आणि आता तळाशीच थोडं लोणचं उरलेली बरणी घेऊन मागून निघालो. बोळात एक दिंडी समोरून आली. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. एक पडला म्हणून मी पडलो, मी पडलो म्हणून पुढचा पडला, आणि बरणी पोटाशी धरून इतक्यांदा वाकल्यावर पाठीने पुढचा निर्णय स्वतः घेतला. कंबरेत वाकलेला, जांभळा, लिंबाच्या वासाचा असा मी सासुरवाडीच्या दारात उभा राहिलो. सासरे ओट्यावर होते. त्यांनी मला पाहिलं, लगबगीने उठले, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि आत हाक मारली, "अगं, माउली आलेत. दमलेत फार. भाकरी आण."

"अप्पा, मी," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. "एसटीनं नाही आलात," ते म्हणाले.

सासऱ्यांची सगळी नोकरी जायकवाडी धरणावर झाली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, सत्तावीस दरवाजे, दहा किलोमीटरच्या घरातला बांध. हे ते नव्या माणसाला नावागावाच्या आधी सांगतात. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी पेपरातला नाथसागराचा साठा आधी वाचतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट टक्क्यांत मोजतात. "पेट्रोल किती टक्के?" त्यांनी विचारलं. बरणी उचलून पाहिली. "मृतसाठा," म्हणाले. त्यांचा राग फक्त एका गोष्टीवर: पाणी वरच्या अंगाला, नगर-नाशिककडे अडतं आणि खाली मराठवाड्याने कोर्टकचेऱ्या करून ते मागायचं. हा विषय निघाला की सासूबाई पानं घेतात. त्या रात्री येसराची आमटी होती, ज्वारीची भाकरी होती, आणि मला जमिनीवर बसता येत नसल्यामुळे मी ती कोनाड्याशी उभा राहून जेवलो.

जेवणं झाल्यावर अप्पांनी नातवंडांना गोष्ट सांगितली. नाथ गोदावरीत स्नान करून निघाले की वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत जाऊन स्नान करायचे. तो परत थुंकायचा. एकशे आठ वेळा असं झालं, शेवटी तोच थकला आणि पाया पडला, आणि नाथ म्हणाले, तुझ्यामुळे मला आज एवढी स्नानं घडली. मुलं गप्प झाली. मग कन्येने आपला कागद काढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि आजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं. आजोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते फक्त वरच्या धरणांकडे पाहतात.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. नाथांच्या वाड्यात रांग लावून गेलो. तिथे तो रांजण आहे. देव श्रीखंड्याच्या रूपाने नाथांच्या घरी बारा वर्षं राबला आणि कावडीने पाणी आणून याच रांजणात ओतत होता, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून लोक त्यात घागरीने पाणी ओततात आणि तो भरून वाहिला की देव येऊन पाणी घालून गेला असं मानतात. आम्ही पोचेपर्यंत तो भरून वाहून झाला होता. वाड्यात मी काही सांडलं नाही, काही पाडलं नाही, कुणाला धडकलो नाही. त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दंडाची रक्कम कन्येने माझ्या पाकिटातून मोजून दानपेटीत टाकली. मोजायला वेळ लागला. मागची रांग शांतपणे थांबली. मला वाटतं ते देणगीदार समजून थांबले असावेत.

मग नागघाट. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ती ही जागा. बायको हात जोडून बराच वेळ उभी होती. "रेडा वेद म्हणाला," ती शेवटी म्हणाली, "आणि मी इतक्या वर्षांत यांच्याकडून डावं-उजवं वदवू शकले नाही." पैठणी विणतात ते बघायला गेलो तिथला तपशील टाळतो. पदरावरची मुनिया आणि बांगडी मोर हातमागावर धागा धागा मोजून भरतात, त्यात आठवडे काय, महिनेही जातात, हे मी बायकोला समजावून सांगत होतो, आणि त्यामुळे त्यांची किंमत कशी योग्य आहे तेही मीच सांगितलं. ती फक्त ऐकत होती. पिशवी माझ्याच हातात आली.

परतताना अप्पा म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव प्रतिष्ठान होतं, सातवाहनांची राजधानी. एका ग्रीक माणसाने 'पेरिप्लस' म्हणून समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्यात पैठणचं नाव आहे. इथून माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचच्या बंदराला जायचा. वीस दिवसांची वाट.

"बापरे," मी म्हणालो.

"पोचायचा," अप्पा म्हणाले.

दुपारी निघायचं म्हणून सगळे नदीपात्रात आलो. मुरमावरच्या गाड्या बऱ्याचशा निघून गेल्या होत्या. आमची जिथे लावली होती तिथेच होती, फक्त अर्धी. चाकं वाळूत गेली होती. मी गाडी सुरू करून जोर दिला तेव्हा ती उरलेलीही जायला निघाली. मी पुन्हा जोर दिला. मागे उभ्या असलेल्या चिरंजीवांवर वाळूचा फवारा उडाला. मी तोंड उघडलं, कन्येने कागद उघडला, मी तोंड मिटलं. नाथांच्या गावाची पुण्याई म्हणतात ती हीच असावी.

शेजारच्या राहुटीतून वारकरी आले, कुणी न सांगता. काहींनी चाकापुढची वाळू हातांनी उकरली, एकाने आपली घोंगडी चाकाखाली सरकवली. ओझं कमी करायला बायको, मुलं आणि सासू-सासरे घाटाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. "माउली, सुटली की थांबू नका," एक म्हातारे वारकरी खिडकीशी येऊन म्हणाले. "थांबलात तर परत रुतंल." मग सगळ्यांनी खांदे लावले, "भानुदास! एकनाथ!" असा गजर झाला आणि गाडी निघाली.

मी थांबलो नाही. सांगितलेलं मी नेमकं एकदाच ऐकतो आणि ते नेमकं तेव्हा. वाळू संपली तरी थांबलो नाही, मुरूम लागला तरी थांबलो नाही, आरशात बायको हात हलवताना दिसली, तिला मीही हात हलवला. रस्त्यावर येताच पोलिसाने शिट्टी वाजवून मला रांगेत घातलं. रांग पुलाकडे चालली होती. पूल एकाच बाजूने सोडलेला होता. मागे दिंडी, पुढे ऊस. मी पुलावर गेलो, पुलावरून उतरलो, आणि बरंच पुढे गेल्यावर एका लिंबाखाली गाडी उभी करायला जागा मिळाली तेव्हा समोर पाटी होती. तालुका शेवगाव. बायकोची पर्स शेजारच्या सीटवर होती, मुलांच्या चपला मागे होत्या, पैठणी डिकीत होती.

फोन वाजला. बायकोचा नंबर, पण आवाज अप्पांचा.

"जावईबापू, कुठं आहात?"

"अप्पा, मी पलीकडे आलोय. नगर जिल्ह्यात. पूल संध्याकाळपर्यंत एकेरी आहे म्हणतात, इकडून सोडत नाहीत."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मागे मुलांचं हसू ऐकू येत होतं. मग अप्पा म्हणाले, "पाणी अडवतात तेव्हा आम्ही कोर्टात जातो. जावई अडवला तर जायची गरज नाही, असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं पडलं. मुलांना मी एसटीनं पाठवतो."